मुशीचा झगा

हॉटेलचं काचेचं छत पुसायला चढण्याआधी मुकादमाने सगुणाच्या अंगावर झगा फेकला. खोल समुद्रातल्या वीतभर मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्क माशाच्या, पेशींपासून तो वाढवलेला. ती मुशी पोट उजळून आपली सावली पुसते म्हणे. खालून बघणाऱ्याला नुसता वरचा उजेड दिसतो.

“घाल गं बाई. खाली पाहुणे जेवतायत, ताटात सावली नको.”

“मुशी लपते ती जीव वाचवायला, मुकादम. माझी जाऊ शेवंता परवा ह्याच झग्यात चक्कर येऊन तासभर वर पडली होती. खाली शंभर माणसं, एकाला दिसली असेल तर शपथ! उचलली तेव्हा गार झाली होती.”

झगा तिथेच टाकून सगुणा वर चढली आणि भर उन्हात, बरोबर खालच्या मधल्या टेबलावर आपली काळीभोर सावली पसरून उभी राहिली.

खाली एकेक मान वर झाली.