आईला पुरल्याचं गाणं

दहा वर्षं बारमध्ये गाणाऱ्या रोवेनाला कुत्रंही विचारत नव्हतं. मग तिने आईला पुरल्याचं गाणं केलं आणि त्या एका गाण्यावर अल्बमच्या वीस लाख प्रती खपल्या.

आज नॅशव्हिलला तिचा मोठा कार्यक्रम होता. तिची आई ओपल चार तास पिकअप हाकत आली, ब्लॅकबेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन. रोवेनाने तिला मेकअपच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"आई, कशाला आलीस गं? सगळ्या देशाला वाटतंय तू गेलीस! आता आलीच आहेस तर शेवटच्या रांगेत बस. आणि माझी आई आहेस म्हणून कुणाला सांगत बसू नकोस."

संध्याकाळी त्या गाण्याआधी रोवेना नेहमीसारखी म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी आई गमावलीय, त्यांनी उभं राहा." बाप्यांनी भराभर टोप्या काढल्या. अर्धं सभागृह उभं राहिलं.

शेवटच्या रांगेत ओपलही उभी राहिली. शेजारच्या बाईने रुमाल पुढे केला. "तुमची आई कधी गेली हो?"

"आई ठणठणीत आहे माझी, ऐंशीची," ओपल म्हणाली. "मुलगी गेली. आज दुपारी."