काल रांगेत कोण घुसलं?

जेवणाची घंटा व्हायच्या आत शाळेच्या स्वयंपाकीण मावशी दोन जिने चढून मऊ कुस्करलेल्या जेवणाचं ताट वर्गात आणायच्या, चाकाच्या खुर्चीतल्या पोरीसाठी. खालच्या जेवणाच्या रांगेतली ढकलाढकली तिच्या जिवाला नको, म्हणून. पोरीचा पहिला प्रश्न ठरलेला, "मावशी, काल रांगेत कोण घुसलं?" मग मावशी रंगवून सांगायच्या, कुणी कुणाला ढकललं, कुणावर त्यांनी पळी उगारली. ऐकता ऐकता पोर चार घास जास्त खायची.

आज मात्र मावशी वैतागल्याच. "अगं, तुला सगळ्यांच्या आधी, बसल्या जागी ताट मिळतं. त्या मेल्या रांगेत एवढं आहे तरी काय?"

पोरीने घास सावकाश गिळला.

"मला एकदा मध्येच घुसायचंय, मावशी. आणि तुम्ही पळी उगारून माझ्यावर ओरडायचं."