सांगायचं कोणी

गोवर्धनला चौकशीचं बोलावणं आलं. अकोल्याच्या त्या बियाणे कंपनीत तेवीस वर्षं काढली, पण चूक झाली ती झालीच. उशिरा येणाऱ्या तुरीच्या पिशव्यांवर त्यानं लवकर येणाऱ्या तुरीची लेबलं लावली. सगळा माल बार्शीटाकळीहून परत आणावा लागला.

नोकरीपेक्षा मोठी धास्ती वेगळीच होती. त्याचा जावई शेखर याच कंपनीत डिस्पॅचला होता. आधीचे साहेब तर हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर नोटीस वाचून दाखवत, वर दोन शिव्या तोंडी लावायला! तसं झालं तर पोरीच्या सासरी तोंड कुठं लपवायचं?

नव्या मॅनेजर रूपाली मॅडम वयानं त्याच्या पोरीएवढ्या. त्यांनी दार लोटलं, फोन पालथा ठेवला.

"बसा गोवर्धनभाऊ."

"उभाच बरा हाय जी."

"तुम्ही बसल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

तो बसला. अडखळत सगळं सांगितलं. मॅडमनी त्याला मधे एकदाही तोडलं नाही.

तेवढ्यात दार ढकलून शेखरच आत आला, हातात चलनं. सासऱ्याला पाहून चमकला. "मामाजी, तुमी? इथं काऊन?"

गोवर्धन खुर्चीतून अर्धा उठला.

"आमचं काम चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "चलनं मी तिकडे येऊन घेते."

टेबलावरच्या नोटिशीवर त्यांचा तळवा कधी गेला, गोवर्धनला कळलंसुद्धा नाही. शेखर गेला.

शिक्षा काही माफ झाली नाही. आठ दिवस निलंबन. पण तो कागद देताना मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी दिला. गोवर्धन बघतच राहिला. बापरे! शिक्षा अशीही देतात? तेवीस वर्षांत त्याला बक्षीससुद्धा कोणी असं दिलं नव्हतं.

सुट्टी झाल्यावर शेखर गेटवर थांबला होता. "काय काम होतं जी मामाजी?"

थाप ओठांवर आली होती. गोवर्धननं ती गिळली आणि खिशातला कागद जावयाच्या हातात ठेवला.

शेखरनं तो दोनदा वाचला. "कंपनीत तं कोणीच काई बोललं नाई."

"मॅडमनं कोणालेच नाई सांगतलं, जावईबापू," गोवर्धन म्हणाला. "सांगाचं माह्यावर सोडलं."