जात्यावरचं बोलणं

यारेदला येशूकडे नेलं ते त्याच्या बायकोनं, शिफ्रानं. लहानपणीच्या तापात यारेदचे कान गेले होते आणि बोलणंही अडखळायचं. "यांच्यावर नुसता हात ठेवा, तेवढं पुरे आहे," ती म्हणाली. येशूनं त्याला गर्दीतून बाजूला नेलं, त्याच्या कानांत बोटं घातली आणि म्हटलं, "मोकळा हो." यारेद ऐकू लागला, स्पष्ट बोलू लागला.

घरी सगळं गाव लोटलं. प्रत्येकाला त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं होतं. शिफ्रा हसतमुखानं पाणी देत राहिली.

सकाळी ती जात्यावर बसली आणि मुकाट्यानं दळू लागली. यारेद नेहमीसारखा समोर येऊन टेकला. बराच वेळ नुसती घरघर ऐकल्यावर त्यानं विचारलं, "दळताना तू रोज माझ्याशी बोलायचीस. तुझे हलणारे ओठ मी बघायचो. आज गप्प का?"

"आता तुम्हाला ऐकू येतं," ती मान खाली घालून म्हणाली.

लग्न झाल्यापासून मनात येईल ते ती त्याला सांगत आली होती. सासूचे टोमणे, पोटातच गेलेलं मूल, शेजारणीचा हेवा. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून सांगता येत होतं. तो बरा होणार याची तिला खात्री होती. पुढचं मात्र तिनं मनात आणलंच नव्हतं.

"त्यात तुमच्याबद्दलही बरंच असायचं," ती शेवटी म्हणाली.

"मग तेच आधी सांग."

शिफ्राला हसू फुटलं. ती बोलू लागली, आणि दळण संपलं तरी दोघं तिथून उठले नाहीत.