अण्णांच्या पोटासाठी

नवा मध्य प्रदेश झाला, अण्णांना भोपाळच्या बदलीचा हुकूम आला आणि त्याच आठवड्यात त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. आमच्या फ्रीगंज पेठेतल्या डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली, तेव्हा अण्णा म्हणाले, "माझी आई पोटातल्या व्रणानेच गेली, आणि मामाही."

"खून में है," डॉक्टर म्हणाले, "मगर खून अकेला कुछ नहीं करता. भूखे रहना, मिर्च, खाली पेट कड़क चाय, यही उसे जगाते हैं. घर में जिसका भी ये खून है, सँभलकर रहे."

त्या दिवसापासून अण्णांना आणि मला वेळेवर दूध आणि मऊ भात मिळू लागला. आईने मात्र आमच्या प्रकृतीसाठी महाकालाचे सोमवार धरले. दिवसभर ती नुसत्या कोऱ्या चहावर राहू लागली.

"तुझं बरं आहे," अण्णा तिला चिडवत. "लग्न होऊन आलेली तू. आमच्या खानदानाचं दुखणं तुला कुठलं?"

"म्हणून तर तुमच्या वाटचे उपास मला झेपतात," ती हसून म्हणे. मलाही ते खरे वाटे.

अकराव्या सोमवारी तिला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर पोहोचले तेव्हा सारे संपले होते. तिच्या उशाशी सकाळचे बेलपत्र अजून हिरवे होते.

"इनके मायके में किसी को था?" त्यांनी हळूच विचारले.





आई अण्णांच्या त्याच मामांची मुलगी होती.