कॉम्प्युटरच्या पाठीवरचा हात

१९८८ साली रत्नागिरीच्या आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. तो तापला की लगेच बंद करायचा होता, पण थर्मामीटरची मागणी मुंबईत अडकली. मग शिपाई भिकाजी दर तासाला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि रजिस्टरात 'थंड' असं लिहायचा.

सोमवारी भिकाजी कुडकुडत आला. "साहेब, एकशेतीन ताप हाय. आजची रजा द्या."

"आणि कॉम्प्युटरला हात कोण लावणार रे, तुझा बापूस?"

भिकाजीच्या त्या हाताला मशीन दिवसभर थंडगारच लागलं. चार वाजता त्यातून धूर निघाला.

मंगळवारी भिकाजी सस्पेंड झाला. कारण: 'कार्यालयीन तापमापक नादुरुस्त अवस्थेत कामावर आणला.'