ब्रेक दाब, दादा

शर्यतीत पडलेली वैजूच्या दादाची मोटरसायकल बघून सगळे म्हणाले, “पुढचे शॉकअप वाकलेत, गेली कामातून.” हँडल सरळ धरलं तरी पुढचं चाक डावीकडे बघत होतं.

गॅरेजवाल्या वैजूला ते पटेना. वरचे बोल्ट सैल करून तिने चाक गुडघ्यांत दाबलं आणि हँडलला हिसका दिला. चाक नाकासमोर आलं! नुसता पीळ पडला होता.

तिने बोल्ट पुन्हा आवळले. राहिला घासणारा ब्रेक. त्याचेही बोल्ट तिने सैल केले.

“दादा, ब्रेक दाबून धर. मधोमध बसला की आवळते.”

त्याने उजव्या हाताने दाबला आणि कळवळला. मनगट टम्म सुजलं होतं. मग डाव्याने दाबला, तिने आवळलं, ब्रेक सोडताच चाक गरगर फिरलं!

शेवटच्या फेरीची हाक आली. दादाने हेल्मेट तिच्याच डोक्यावर चढवलं.

“शर्यतीचा नंबर गाडीला दिलाय गं, मला नाही! चालव तूच!”